कंडक्टरबाईंचा कोट

“हा उतरेपर्यंत गाडी हलणार नाही. ज्याला घाई असेल त्यानं चालत जावं.”

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जाडाभरडा, धुवून धुवून मऊ न झालेल्या कापडासारखा. मी तेव्हा शाळेत जात होते, दोन वेण्या, दप्तर छातीशी धरलेलं. मागचा माणूस गर्दीचं निमित्त करून अंगाला अंग लावत होता आणि मी खिडकीबाहेर बघत रडू गिळत होते. कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. कंडक्टरबाईंनी तिकिटं फाडता फाडता नुसतं पाहिलं आणि घंटी ओढली. लोक कुरकुरले, “जाऊ द्या हो बाई, उशीर होतोय.” त्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या. तो उतरला तेव्हा कुठे पुन्हा घंटी वाजली.

त्याच कंडक्टरबाई निवृत्त होऊन आता आमच्या वॉर्डातून निवडणुकीला उभ्या होत्या. परवा त्यांनी मला बाजारात गाठलं. “मतदानाच्या दिवशी केंद्रावर माझ्या बाजूनं बसशील? तुमच्या गल्लीतून कुणी तयार होत नाही. सगळे म्हणतात, मत देऊ, पण तोंड दाखवणार नाही.” मी म्हटलं, “घरी विचारून सांगते.” नाव आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं आणि मी घरात अजून तोंड उघडलं नव्हतं.

घर म्हणजे आमची लाँड्री. पुढे सासऱ्यांचं काउंटर, मधे इस्त्रीची टेबलं, तिथे मी आणि माझा नवरा. मागच्या ओल्या खोलीत सासूबाई डाग काढतात. शाईचा, तेलाचा, गंजाचा, रक्ताचा, प्रत्येकाची जात वेगळी, प्रत्येकाची समजूत काढायची तऱ्हा वेगळी. हात चालतात तसा त्यांचा गळा चालतो, स्वतःशीच:

पाणी आलं दारी, घागर माझी रिती,
बोलू गेले बाई, भिंतीला कान किती.

पाणी मात्र दारी येत नव्हतं. नळाला नेम उरला नव्हता. मावळत्या नगरसेवकाला विचारलं, पाण्याचं काय, तर म्हणायचा “बघू”. गटाराचं काय, तर “करू”. म्हणून त्याचं नावच बघू-करू पडलं होतं. तोच पुन्हा उभा होता.

“मी या वेळी मतदानालाच जात नाही,” सलूनवाला काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. तो टॉवेल न्यायला यायचा आणि दुपारभर रेंगाळायचा. “गेल्या खेपेला बोटाला शाई लावून घेतली, आणि घरी आलो तर बोट धुवायला पाणी नाही.”

“मग कंडक्टरबाईला द्या,” मी इस्त्री फिरवत म्हटलं.

बाकावर निवृत्त मास्तर सदऱ्याची वाट बघत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. “प्रश्न बाईचा नाही, पात्रतेचा आहे. तिथे अंदाजपत्रक मांडतात. तिकिटं फाडून ते कळतं का?”

“बघू-करूला कळतं?”

“त्याला सही येते,” सलूनवाला म्हणाला. “तेवढ्यावर भागतं.”

सासरे गठ्ठे बांधत होते. “आणि तो आवाज. बाई आहे की भोंगा. ना नवरा, ना मूल. जिला स्वतःचं घर नाही, ती वॉर्डाचं काय बघणार?”

“काका, मागे ती दुसरी उभी होती, तिला दोन पोरं होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, जिला घर आहे तिनं घर बघावं,” सलूनवाल्यानं आठवण करून दिली.

“ते वेगळं.”

“हो, ते वेगळंच असतं.”

तेवढ्यात दारात त्याच उभ्या. उन्हातून आलेल्या, कपाळ घामेजलेलं. “माझा निळा कोट तयार झाला का? संध्याकाळी चौकात सभा आहे.”

सासऱ्यांनी टांगलेले कपडे सरकवले, गठ्ठे उलटेपालटे केले. कोट नव्हता. तो मीच कडक इस्त्री करून ठेवला होता. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक रंगीत दोरा असतो. कपड्याच्या आतल्या शिवणीत त्याचा टाका घालायचा, की कपडा कुणाचा ते कळतं. पुरुषाच्या घरावरून खूण. मुलगी असेल तर बापाची, लग्न झालं की नवऱ्याची. कोटाला हिरवा दोरा होता, औषधवाल्याच्या घराचा. औषधवाला म्हणजे कंडक्टरबाईंचा भाऊ. त्याच्या दुकानाच्या शटरवर बघू-करूचा हसरा चेहरा चिकटवलेला.

“तुमच्या घरच्याच गठ्ठ्यातून गेला काल,” सासरे म्हणाले.

“माझं घर बस डेपोच्या मागे आहे. बरीच वर्षं.”

“खूण तर भावाच्या घराची.”

“कोट मी आणून दिला. धुलाई मी दिली. न्यायला मी येणार होते.”

“बाईच्या नावाची खूण नसते हो आमच्याकडे. तुम्ही बापाच्या घरातून निघालात आणि दुसरीकडे पोचलाच नाहीत. मधेच लटकलात.”

सलूनवाला हसला, मग त्यांच्याकडे बघून टॉवेल मोजायला लागला.

“भाऊ देणार नाही तो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आधी अर्ज मागे घे, मगच उंबरा चढ, असा त्याचा निरोप आहे. राहू दे. आहे त्याच कपड्यात बोलेन.”

“आलाच आहात तर विचारतो,” मास्तर खाकरले. “शिक्षण किती?”

“दहावी.”

“अंदाजपत्रक समजतं?”

“पुरतं नाही. शिकतेय. तुम्ही शिकवलंत तर येईन रोज. पण मास्तर, तो बघू-करू मत मागायला आला, तेव्हा त्याला हे विचारलं होतंत?”

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

“त्याला चहा पाजला,” सलूनवाल्यानं सांगून टाकलं.

“डेपोत आम्हा बायकांना संडास नव्हता,” त्या म्हणाल्या. “दिवसभर घोटभर पाणी न पिता तिकिटं फाडायचो. साहेब म्हणायचे, कशाला आलात नोकरीला. मी त्यांच्या दाराशी बसले. उठवलं, पुन्हा बसले. बांधून घेतला तेव्हाच उठले. पाणीही तसंच आणावं लागेल. मला येतं ते हेच, आणि त्याची मला लाज नाही.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुझं काय ठरलं गं?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. इस्त्रीखाली मास्तरांच्या सदऱ्याची कॉलर होती. मी इस्त्री उभी करून ठेवली. “माझं नाव लिहा. मी बसणार आहे.”

“कुठे बसणार आहेस?” नवऱ्यानं विचारलं.

“मतदान केंद्रावर. ह्यांच्या बाजूनं.”

“अगं, निदान मला तरी...”

“तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बाबांना विचार.”

त्यानं पुढची चादर टेबलावर पसरली. खोटं नव्हतं ना ते.

सासऱ्यांनी गठ्ठ्याची गाठ करकचून ओढली. “या घरच्या बायका असल्या फंदात पडत नाहीत. तुझ्या सासूलासुद्धा विचारायला मंडळी आली होती. इथेच, या काउंटरशी. उभ्या राहा म्हणाले. हिनं तिथूनच हात जोडले. शहाण्या बाईला आपली पायरी कळते. जा, विचार तिला.”

ही गोष्ट दर निवडणुकीला व्हायची. सासरे सांगायचे, गिऱ्हाइकं माना डोलवायची आणि मागच्या खोलीतून सासूबाईंचं हसू ऐकू यायचं. लग्न होऊन आल्यापासून मला ती पाठ होती.

या वेळी हसू आलं नाही. आतलं गुणगुणणंही थांबलं. बादली सरकल्याचा आवाज झाला आणि सासूबाई थेट काउंटरपाशी आल्या. कोपरापर्यंत फेस, बोटं पांढरीफटक, पाण्यात राहून सुरकुतलेली. त्या सहसा पुढे येत नसत.

“मी हात जोडले नव्हते,” त्या म्हणाल्या.

“अगं, मी स्वतः पाहिलं.”

“हात ओले होते. एकावर एक घासून पुसत होते. ओल्या हातांनी चार माणसांसमोर कसं यायचं, म्हणून. पुसून येईपर्यंत तुम्ही नाही म्हणून मोकळे झाला होतात.”

“आता कशाला उकरतेस जुनं?”

“तुम्हीच उकरता. दर खेपेला. आणि मी हसते, घरातलं बाहेर नको म्हणून.” त्यांनी पदराला हात लावला नाही, पुसले नाहीत. थेंब काउंटरवर, बांधलेल्या गठ्ठ्यांवर पडत राहिले. कुणी गठ्ठे बाजूला घेतले नाहीत. “सुनेला माझं नाव सांगून अडवू नका. ती बसेल.”

सासरे काही बोलणार होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, कापडात मुरलेल्या डागाकडे बघतात तसं, न रागावता, न सोडता.

“मला उभं राहायचं होतं,” त्या म्हणाल्या.