रिकाम्या क्रशरचा आवाज

काळा, भुंग्याएवढा, पोटात हिरवा ठिपका लुकलुकणारा तो माईक पोरीने त्याच्या शर्टाला नेमका तिथे चिमटवला होता जिथे बटण असायला हवं होतं, आणि वहिनी त्या जागेकडे अशा बघत होत्या, जणू भुंग्याने येऊन घराची अब्रूच चव्हाट्यावर मांडली. "कालपर्यंत होतं हो बटण," त्या पोरीला म्हणाल्या. कालपर्यंत नव्हतं. दोन महिने नव्हतं. पण यंत्र सुरू झाल्यावर घरात बोललेलं पहिलं वाक्य हे, आणि तेच खोटं निघालं, म्हणून त्याला उगाच जरा धीर आला.

पोरगी वाचनालयातून आली होती. बंदरावरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवून ठेवायच्या, असं काम. जाळी विणणाऱ्या बाईंचं झालं होतं. क्रेनवाल्याचंही, तो म्हणे तीन तास बोलला, त्यातले अडीच तास जावयाबद्दल. आता बर्फाच्या कारखान्याची पाळी. चौतीस वर्षं बर्फाच्या लाद्या क्रशरच्या तोंडात ढकलायच्या आणि खालून पडणारा चुरा बोटींच्या खणांत पाठवायचा — यात साठवण्यासारखं काय आहे, असं त्याने आधीच विचारून बघितलं होतं. पण वहिनींनी त्या पोरीला दारातच पकडलं होतं. "आमच्या भावोजींचं घ्याच. यांच्यामुळे मी सवाष्ण राहिले तेहेतीस वर्षं."

झालं. आता सुटका नाही... तो खुर्चीत सरळ बसला. माईकही त्याच्याबरोबर सरळ बसला.

वहिनी सांगत होत्या. कुठे थांबायचं, कुठे पदर डोळ्यांना लावायचा, सगळं बसलेलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची सकाळ, धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. दादाची बोट बाहेर, बोटीत सहा जण. धक्क्यावर आम्ही बायका नुसत्या उभ्या. ओरडून घसा बसला, पण धुक्यात बायकांचा आवाज किती जाणार? आणि धक्क्याच्या पुढे खडक... "तेवढ्यात कारखान्यातून क्रशरचा आवाज यायला लागला. रिकामा! लादी घातली की क्रशर कडाकडा चावतो, बाई, पण रिकामा फिरला की बोंब मारतो. पार समुद्रात ऐकू जाते. आमचे हे बोटीत काय म्हणाले माहितीये? म्हणाले, रिकामा क्रशर कोण कशाला फिरवेल? हा आपला बर्फ्या आहे, हाका मारतोय. त्या आवाजाचा माग काढत बोट आत आणली. अडीच तास फिरवला भावोजींनी. पातं तुटेपर्यंत!"

बर्फ्या म्हणजे तो. नाव दादानेच ठेवलेलं. बारशातलं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय आणि तिथेही चुकीचं लिहिलंय.

पोरीचे डोळे भरून आले होते. तिने यंत्र त्याच्याकडे किंचित सरकवलं. "आजोबा, त्या सकाळी... त्या अडीच तासांत तुमच्या मनात काय चाललं होतं?"

काहीही नाही. खरं उत्तर एवढंच. मी झोपलो होतो.

पहाटे तीनपासून बोटींना चुरा देऊन देऊन खांदे भरून आले होते, शेवटची लादी गेली, आता बटण दाबून क्रशर बंद करायचा आणि घरी जायचं — पण आणखी एखादी बोट येईल का, एवढं बघायला तो गोणपाटांच्या ढिगावर टेकला, नुसता टेकला... त्या आवाजात झोप कशी लागते असं कोणीही विचारेल. ज्यांनी तिथे काम केलंय ते विचारणार नाहीत. तिथे आवाजात झोप लागते, आणि आवाज थांबला की जाग येते. पातं तुटलं, क्रशर थांबला आणि त्या शांततेने तो दचकून उठला. पहिला विचार आला तो मालकाचा. आता हा आपल्याला सोलणार. तो बाहेर पळाला तो खरं म्हणजे पळूनच चालला होता. धक्क्यापर्यंत गेला, तर समोर दादा, ओला, लाकडासारखा थंड, आणि त्याने मिठीच मारली. "तू होतास म्हणून रे, बर्फ्या..." तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. पण वहिनींनी त्याची बाही दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या नुसत्या थरथरत होत्या, आणि अशा वेळी एखाद्या बाईला, अहो, मला जरा डुलकी लागली होती, हे कसं सांगायचं? उद्या सांगू, असं ठरलं.

उद्याला मालकाने भर सभेत त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. परवा तर फारच उशीर झाला.

मग चाळीस वर्षं माशाचा मधला तुकडा. दादाने स्वतःच्या मुलांना शेपटीकडचा दिला, पण मधला बर्फ्याचा. लग्नाचं वय त्याने बर्फासारखं जपून ठेवलं आणि ते बर्फासारखंच गेलं, तेव्हाही वहिनी म्हणाल्या, भावोजी इथेच जेवतील, यात विचारायचं काय? जेवला. रोज जेवला, आणि रोज तो तुकडा घशाखाली घालताना, काट्यासारखं काहीतरी, नेमकं मधल्या तुकड्यात जिथे काटा नसतो तिथे... दुपारची झोप मात्र त्याने त्या दिवसापासून सोडली. कितीही डोळे मिटले तरी लागतच नाही. आणि दादा गेला, आठ वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातही नर्सला सांगत होता, हा माझा भाऊ, याने हाका मारून मला परत आणलं. तेव्हाही मी उशी नीट करत राहिलो.

धक्क्यावरचं बोलणं वारा घेऊन जातो. पण हे त्या डबीत जाणार, वाचनालयाच्या कपाटात, आणि कोणाचं तरी नातवंड कधीतरी कानाला लावून...

"मी झोपलो होतो," तो म्हणाला.

पोरगी हसली. तिला वाटलं, म्हातारा विनयाने बोलतोय. "म्हणजे?"

"म्हणजे घोरत. क्रशर बंद करायचा राहिला. चूक झाली. त्या चुकीच्या आवाजावर बोट आली. मी कोणाला हाका मारल्या नाहीत."

वहिनींकडे बघायचं त्याने टाळलं. हिरव्या ठिपक्याकडे बघितलं. तो लुकलुकतच होता, त्याला काही फरक नव्हता.

"माहितीये की," वहिनी म्हणाल्या.

"...काय?"

"तुमच्या डाव्या गालावर गोणपाटाची अख्खी जाळी उमटली होती, भावोजी. बाही धरून उभी होते ना मी? लाळसुद्धा होती." आणि पोरीकडे वळून, पोळी जास्त भाजली गेल्याचं सांगावं तशा, "हे यात नको हं घेऊस. लाळेचं."

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"इतकी वर्षं काय? माणूस घरी आला होता. तो कुठल्या आवाजावर आला याची चौकशी करत बसू?" त्या उठल्या. "चहा गार झाला सगळ्यांचा. कोणी पितच नाही."

"आणि दादा?" त्याने घाईने विचारलं. "दादाला माहीत होतं?"

वहिनी कपबशा गोळा करता करता थांबल्या. खरंच आठवू लागल्या. "कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मिठी मारली तेव्हा गाल दिसला असेल की नसेल..." आणि आत गेल्या.

पोरीने हळूच विचारलं, "आजोबा, हे ठेवू, की पुसू?"

पण तो दादाचा एकेक प्रसंग उलटसुलट करून बघत होता. लग्नकार्यात, पारावर, नव्या पाहुण्यांसमोर दादा ती गोष्ट सांगायचा, दर वर्षी गोष्टीतला क्रशर अर्धा तास जास्त फिरवायचा, आणि सांगता सांगता बर्फ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, याला विचारा, हा पूर्ण जागा होता! — आणि हसायचा. केवढ्याने हसायचा. तेव्हा ते हसणं नुसतं आनंदाचं वाटलं होतं. आता... लबाड तर नव्हता दादा? की आपल्याला तसं हवं म्हणून वाटतंय? विचारायला हवं होतं. एकदा तरी विचारायला हवं होतं, आणि दादा काय म्हणाला असता, कुठली शिवी हासडली असती, हे त्याला इतकं नेमकं ऐकू आलं की तो मोठ्याने हसला. पोरगी दचकली. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला दादाची नुसती आठवण येत होती, भीती न मिसळलेली, आणि ती इतकी जड असते हे त्याला माहीतच नव्हतं.