केरबाची घागर आणि दोन पडद्यांचा लॅपटॉप

चोरलेली विद्या कुणालाही पचत नाही. व्यंकटराव सरांना ती अकरा वर्षं पचत होती आणि तेवढ्या काळात त्यांचं वजन चौदा किलोनं वाढलं होतं.

विद्या होती अश्वजित हनमंतेची. नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि व्यंकटराव त्याचे विभागप्रमुख होते. अश्वजितनं तीन वर्षं खपून अकराशे चाळीस प्रश्न रचले होते. प्रश्न आपल्याकडचे होते. सहस्रकुंडावरून पडणारं पाणी, हिमायतनगरच्या फाटकापाशी ब्रेक मारणारी एसटी, असे. सरांनी 'जरा नजर टाकतो' म्हणून फाईल नेली, राजीनामा दिला आणि लातूरला स्वतःचे क्लासेस काढले. वर्षभरात प्रवेशपरीक्षेच्या तयारीचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर व्यंकटरावांचा फोटो होता, आत अश्वजितचे प्रश्न होते आणि अश्वजितचं नाव कुठंही नव्हतं.

आभारातसुद्धा नव्हतं. आभार छापखान्याचे आणि कुलदैवताचे होते.

हेही अश्वजितनं सोसलं असतं. पण प्रश्न क्रमांक तीनशे सतरा जसाच्या तसा होता : 'केरबा बारा मीटर खोल विहिरीतून पंधरा किलोची घागर चाळीस सेकंदांत वर ओढतो, तर केरबाची शक्ती काढा.' केरबा हा अश्वजितचा बाप. घागर खरी, विहीर खरी आणि चाळीस सेकंद अश्वजितनं लहानपणी स्वतः मोजलेले. चोरानं पोराचं नाव खोडलं होतं आणि बापाला तसाच विहिरीवर राबत ठेवला होता.

त्या दिवसापासून अश्वजितला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. व्यंकटरावांच्याच माणसांसमोर, व्यंकटरावांच्याच तोंडासमोर, ते प्रश्न कुणाचे आहेत हे दिसायला हवं होतं.

संधी फोनवरून आली.

"अश्वजित, कसा हायस? मी व्यंकटराव."

"बोला सर."

"अरे, ते दोन पडद्यांचा लॅपटॉप निघालाय म्हणतेत. घ्यावा का न्हाई? हितं सगळे दुकानदार. विकायचं तेवढं गोड बोलतेत. म्हणलं, आपला माणूस विचारावा."

अश्वजितनं 'आपला माणूस' हे शब्द गिळले. ते लवकर खाली गेले नाहीत.

"कधी घ्यायचाय, सर?"

"नवी आवृत्ती काढून राहिलो ना. खंडेनवमीला प्रकाशन हाय. चारशे पालक येतेत. जरा पडदाबिडदा पाहिजे."

"दोन दिवस द्या. गुणदोष बघून सांगतो."

त्या संध्याकाळी त्यानं कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गुण लिहिले, उजवीकडे दोष. मग लक्षात आलं, की यंत्र शत्रूसाठी घ्यायचं असेल तर रेघ उलटी वाचावी लागते.

वजन फार. दोन पडदे, वर सुटा कीबोर्ड, खाली टेकण. दोषात लिहिलं होतं. व्यंकटराव वाकून चालताना डोळ्यांसमोर आले आणि त्यानं ते गुणात टाकलं. बॅटरी दोन पडदे पोसते, तेव्हा ऐन वेळी मान टाकते. गुण. बिघडलं तर नांदेडात दुरुस्ती नाही, लातुरात नाही, हैदराबादला पाठवावं लागतं. मोठा गुण. काचेवर टाइप करायचं, बोटाला काही लागत नाही, दहा ओळींत वीस चुका होतात. हा गुण त्यानं अधोरेखित केला.

खरे गुणही होते आणि ते त्यानं नाइलाजानं दुसऱ्या बाजूला लिहिले. वर प्रश्न उघडा, खाली उत्तर लिहा. वरचं बघून खाली उतरवायला याच्यासारखं यंत्र नाही. तो थबकला. हे तर व्यंकटरावांच्या मापानं शिवलेलं होतं.

त्याची बायको बुद्धप्रिया चहा घेऊन आली आणि तिनं कागद वाचला.

"तुम्हालाच पाहिजे ना हे?"

"मला कशाला?"

"मग तुमच्या लॅपटॉपच्या मानेला सुतळी कशाला बांधलीय?"

"ती बिजागरी गेलीय."

"अकरा वर्षं त्या माणसाला शिव्या देऊन राहिलात. आता त्याला यंत्र निवडून देताव. सूड म्हणतेत का ह्याला?"

अश्वजितनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं त्यानं शेवटचा गुण लिहिला होता : प्रोजेक्टर जोडला, की समोरच्या पडद्यावर वरची काच दाखवायची का खालची, हे यंत्र बसवून देणारा ठरवतो.

बुद्धप्रियानं दोनदा वाचलं.

"भाकरी बांधून देते," ती म्हणाली.

'घ्या' म्हणून त्यानं कळवलं, सरांनी यंत्र मागवलं आणि बसवून द्यायला फोन करून त्यालाच बोलावलं. खंडेनवमीला पहाटेची एसटी धरून लोहा, अहमदपूर करत तो लातूरला उतरला. मांडीवर पिशवी, पिशवीत पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हवर जून दोन हजार चौदाची मूळ फाईल. पहिल्या पानावर 'रचना : अश्वजित केरबा हनमंते', खाली तारीख. त्यानं नंतर जोडलेल्या पुढच्या पानांवर एका बाजूला त्याच्या हस्ताक्षरातले प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला व्यंकटरावांचं छापील पुस्तक. शेवटी तीनशे सतरा आणि तीनशे सतरा.

"आला का बाबा!" व्यंकटरावांनी त्याला मिठी मारली. मिठीत वाढीव चौदा किलो जाणवले. "ह्याला म्हणायचं माणूस. एका फोनवर आला."

अश्वजितनं चौरंगावर लॅपटॉप मांडला. वरच्या काचेवर नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ ठेवलं. खालची काच प्रोजेक्टरला जोडली आणि तिच्यावर काळं पान ठेवलं. एक बोट लागलं की पुढचं पान येणार होतं.

"सर, कीबोर्ड काढून ठेवलाय. भाषणात 'हे माझे कष्ट' म्हणालात, की खालच्या काचेला बोट लावा. सगळं दिसंल."

"तेवढंच?"

"तेवढंच."

बेत चोख होता. अश्वजितनं बॅटरी बघितली होती, प्रोजेक्टरची वायर बघितली होती, मागच्या रांगेतून अक्षरं वाचून बघितली होती. एकच गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. त्याच्या घरातून पूजाअर्चा छप्पन्न सालीच गेली होती. दसऱ्याला त्याच्याकडे पांढरे कपडे, वंदना आणि खीर. आदल्या दिवशी लोक हत्यारांची पूजा करतात हे त्याला ऐकून ठाऊक होतं. लॅपटॉप हे हत्यार आहे, हे ध्यानात आलं नव्हतं.

सभागृह भरलं. व्यंकटराव माईककडे निघाले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी गौरम्मा तबक घेऊन पुढं आल्या. माहेर निलंग्याकडचं, देवाधर्माला पक्क्या.

"थांबा की हो. पूजेबिगर यंत्राला हात लावताव?"

अश्वजित खुर्चीतून अर्धा उठला. "वहिनी, तिथं नको, काच—"

"काच हाय म्हणूनच. किती सपाट हाय बघा, पाटासारखी."

त्यांनी खालच्या काचेवर हळदीचं बोट टेकवलं. काळं पान गेलं आणि मागच्या पडद्यावर मूळ फाईलचं पहिलं पान आलं. सभागृहात कुणी वाचायच्या आत गौरम्मांनी कुंकवाचं बोट लावलं. कुंकू गुळगुळीत काचेला धरेना, म्हणून लगेच पुन्हा लावलं. लागोपाठ दोन टिचक्या बसल्यावर ते यंत्र अक्षरं मोठी करतं. 'रचना' डावीकडून बाहेर गेलं, तारीख खालून गेली, आणि भिंतभर एकच नाव उरलं :

अश्वजित केरबा हनमंते.

चारशे पालक बघत होते. व्यंकटराव बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. अश्वजितनं हे दृश्य अकरा वर्षं मनात इतक्या वेळा पाहिलं होतं, की कपाळावरचा घामसुद्धा ठरल्या जागी आला. दोन सेकंद तो सुखात होता.

तिसऱ्या सेकंदाला व्यंकटराव माईकपाशी पोचले.

"बघा मंडळी, हे यंत्र! बसवून देणाऱ्याचं नाव आधी घेतंय! उठा, अश्वजित. हे आपले नांदेडचे लॅपटॉपवाले सर. एका फोनवर आले. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. अश्वजितनं धावत जाऊन पुढचं पान आणायला काचेला बोट लावलं. ओल्या हळदीकुंकवाखाली काचेला आता कुणाचंच बोट ओळखू येत नव्हतं. तो घासत राहिला. गौरम्मांनी त्याचा हात धरला. "राहू द्या की हो, पूजा पुसू नये." पाठोपाठ बॅटरीनं मान टाकली. तो गुण त्यानं स्वतःच निवडला होता.

प्रश्न ढापणाऱ्या माणसानं आता सूडही ढापला होता. वर त्यानं अश्वजितच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माईक पुढं केला. "दोन शब्द बोल. आटोप जरा."

अकरा वर्षांचं भाषण तयार होतं. अश्वजितनं समोर पाहिलं. पुढच्या रांगेतला एक पालक विचारत होता, "सर, आमचा प्रिंटर बी कागद ओढंना. बघताव का?"

अश्वजितला भाषणातलं काहीच आठवेना. जे उरलं तेवढंच तो बोलला.

"पुस्तकातला प्रश्न तीनशे सतरा काढा. त्यातला केरबा माझा बाप आहे. हे सगळे प्रश्न मी—"

पानं उलटल्याचा आवाज एवढा मोठा झाला, की पुढचं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. प्रिंटरवाला पालक उभा राहिला.

"सर, म्हणजे तीनशे सतरा येणार हाय का परीक्षेला?"

चारशे पेनं वर होती. व्यंकटरावही पहिल्यांदाच त्याच्याकडे लक्ष देऊन बघत होते. अश्वजितनं त्यांच्याकडे पाहिलं, शाल नीट केली आणि उभ्या आयुष्यात कधी बोलला नव्हता एवढ्या ठामपणे बोलला.

"शंभर टक्के. शब्दाला शब्द. बाकीचं नाही केलं तरी चालंल."

व्यंकटराव माईक ओढायला धावले. पण चारशे घरांनी केरबा लिहून घेतला होता, आणि लातुरात एकदा 'येणार' म्हटलेला प्रश्न कुणाच्या बापाला मागं घेता येत नाही. दिवाळीपर्यंत व्यंकटरावांच्या वर्गात मुलं दुसरं काही शिकायला तयार नव्हती. 'सर, केरबाचं पुन्हा घ्या,' म्हणायची. व्यंकटराव रोज फळ्यावर विहीर काढायचे आणि केरबाची शक्ती काढायचे. ही बातमी नांदेडला पोचली, त्या दिवशी अश्वजित दोन भाकरी जास्त जेवला. बुद्धप्रियानं भिंतीवरच्या केरबाच्या फोटोची काच पुसली.

मे महिन्यात परीक्षा झाली. प्रश्न आला नाही.