सोळा पानांचा फर्मा

आमच्या पुळक्करा गावचं वाचनालय नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दूध सोसायटीच्या माडीवर आहे. गेली बावीस वर्षं मी तिथं ग्रंथपाल आहे. माझ्याआधी हे काम अंबू मास्तर बघायचे. शाळा सुटली की ते थेट माडी चढायचे आणि दिवेलागणीपर्यंत पुस्तकांची कार्डं लिहीत बसायचे. पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, साल, पानं. अशी आठ हजारांवर कार्डं त्यांनी एकट्यानं लिहिली. एकाही कार्डावर खाडाखोड नाही.

गेल्या वर्षी समितीनं ठरवलं की ही सगळी यादी कॉम्प्युटरवर घ्यायची. त्यासाठी मला तालुक्याला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. मी मनातल्या मनात हिशेब केला होता. एकेक कार्ड टाइप करायचं तर माझी निवृत्ती येईल आणि निम्मी कपाटं तशीच राहतील. पण दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी दाखवलं की एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची यादी इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. तिथं आपलं पुस्तक शोधायचं, सापडलं की खूण करायची, पन्नासेक नोंदी जमल्या की एकदम डाउनलोड करायच्या आणि आपल्या यादीत चढवायच्या. मग आपला दाखल क्रमांक आणि कपाटाचा नंबर घातला की झालं. परतीच्या बसमध्ये मी सगळा वेळ एकटीच हसत होते.

मास्तरांना मात्र हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की ती नोंद विद्यापीठाच्या कपाटातल्या प्रतीची आहे, आपली प्रत त्यांनी कुठं बघितलीय? हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. शिवाय त्यांना कुठं लागलंय तेही मला कळत होतं. म्हणून मी त्यांनाच विनंती केली की तुम्हीच तपासायला बसा, तुमच्याइतकी ही पुस्तकं कुणाच्या हाताखालून गेलेली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते दहाच्या ठोक्याला यायला लागले. वय एक्क्याऐंशी, पण माडी चढताना कठड्याला हात लावायचे नाहीत. मी पडद्यावरून वाचायची, ते पुस्तक आणि आपलं कार्ड समोर धरून प्रत्येक गोष्टीला "बरोबर" म्हणायचे. विद्यापीठाची चूक सापडली की त्यांचा दिवस सोन्याचा. तशा चुका त्यांनी एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. पहिल्या महिन्यात अकरा झाल्या. त्या वहीवरून दूध सोसायटीतली माणसंसुद्धा त्यांची चेष्टा करायची.

पावसाळा सरता सरता आम्ही कादंबऱ्यांच्या कपाटाशी आलो आणि 'कडव्यावरची माधवी' हातात आली.

या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. वडकरेकडच्या कुणा पोस्टमास्तरानं जन्मात ही एकच कादंबरी लिहिली, १९६१ साली. बाहेर ती कुणाला ठाऊकही नसेल. आमच्या गावाला मात्र तोंडपाठ. त्याचं कारण विडी कंपनी. तेव्हा कंपनीच्या लांब खोलीत साठेक बाया-माणसं विड्या वळत बसायची आणि त्यातलं एक जण मोठ्यानं वाचायचं. वाचणाऱ्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी गोष्ट. १९७६ साली जानकी बावीस वर्षांची होती आणि तिच्याइतकं खणखणीत कुणी वाचत नसे. तिनंच ही कादंबरी वाचून दाखवली. आज सगळा गाव तिला एडत्ती म्हणतो, म्हणजे मोठी ताई.

गोष्ट साधी आहे. माधवी ही कडव्यावरच्या, म्हणजे होडीच्या धक्क्यावरच्या, नावाड्याची मुलगी. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलेलं असतं तो कामासाठी सिलोनला जातो आणि त्याचं एकही पत्र येत नाही. बारा वर्षं जातात. शेवटच्या पानावर धुक्यातून एक नाव काठाकडे येते, कंदिलाचा उजेड हलताना दिसतो. माधवी हातात दिवा घेऊन पाण्यात गुडघाभर उतरून विचारते, "कोण आहे ते?" आणि तिथं पुस्तक संपतं.

त्यावरून कंपनीत आठवडाभर नीट काम झालं नव्हतं म्हणतात. निम्म्यांचं मत, तो परत आला. निम्म्यांचं, त्याच्या मरणाची बातमी आली. शेवटी सगळे अंबू मास्तरांकडे गेले. मास्तरांनी समजावलं की मोठा लेखक उत्तर देत नाही, प्रश्न आपल्या हातात ठेवून जातो. बघा, 'समाप्त' हा शब्दसुद्धा त्यानं लिहिलेला नाही. हे त्यांनी पुढं शाळेत प्रत्येक दहावीला शिकवलं. मलाही शिकवलं. १९८४ साली त्यांनी त्याचं नाटक बसवलं. "कोण आहे ते?" म्हटलं की दिवे बंद. जिल्ह्यात दुसरं बक्षीस मिळालं होतं.

तर त्या सकाळी मी पडद्यावरची नोंद वाचत होते. नाव, लेखक, साल, छापखाना, सगळ्याला "बरोबर" आलं.

"पानं दोनशे आठ," मी म्हटलं.

मास्तरांनी कार्ड बघितलं. "एकशे ब्याण्णव. लिही, बारावी चूक."

त्यांनी वही उघडलीसुद्धा. मी पुस्तक मागून घेतलं. शेवटचा आकडा एकशे ब्याण्णवच होता. पण साल तेच, छापखाना तोच, आवृत्ती पहिलीच. माझ्या मनात शंका आली ती मी बोलले नाही, नुसता मागचा पुठ्ठा उघडून शिवण बघितली. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, मम्मदिक्काला बोलाव.

मम्मदिक्काचं बाइंडिंगचं दुकान समोरच आहे. आमची निम्मी पुस्तकं त्याच्या हातची. तो चष्मा पुसत वर आला, पुस्तक उलटं धरून कण्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, की सोळा पानांचा एक आख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून शिवलेला जुडगा, नाही. कुणाच्या घरून देणगी आलं तेव्हाच नव्हता. त्यानं फक्त पुठ्ठा चढवला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल," मम्मदिक्का म्हणाला. "मास्तर तुम्ही."

मास्तर उठले. छत्री घेतली आणि खाली उतरले. त्या दिवशी कठड्याला धरून.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा वाजले, ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला एकटीला काम करवेना. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ई-मेल लिहिला, की तुमच्या नोंदीमुळे आमच्या प्रतीत सोळा पानं कमी असल्याचं कळलं, ती मिळतील का. फाटक्या प्रती पुऱ्या करून द्यायची तिथं सोय होती. पाचव्या दिवशी पानांची छायाचित्रं आली. पाठवणाऱ्या बाईंनी खाली लिहिलं होतं की हे पुस्तक आजवर कुणी मागितलं नव्हतं, तुम्हीच पहिल्या.

मी प्रिंट काढल्या, पण वाचल्या नाहीत. खरं सांगायचं तर पहिल्या ओळीवर नजर गेली होती, ती मी हातानं झाकली. पाकीट घेऊन मास्तरांच्या घरी गेले. ते पडवीत बसून सुपारी कातरत होते. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, वजन केल्यासारखं हातात धरलं आणि परत दिलं.

"वर्षानुवर्षं मी गावाला अर्धं पुस्तक शिकवलं," ते म्हणाले. "आता उरलेलं एकट्यानं घरात बसून वाचू? सगळ्यांसमोर होऊ दे. जानकीला सांग."

मी एडत्तीकडे गेले तेव्हा ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ऐकून तिनं आधी देवळाच्या दिशेनं हात जोडले, मग मला विचारलं की मी वाचलंय का. नाही म्हटल्यावर खूश झाली. मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंगीचे पायसुद्धा दिसतात, वाचीन मी, म्हणाली.

रविवारी चार वाजता माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. विडी कंपनीतली त्या वेळची नऊ माणसं उरली होती, त्यातली आठ आली. नवव्या माणसाला त्याच्या सुनेनं फोनवरून ऐकवलं. नाटकातली माधवी, जी आता पंचायतीत क्लार्क आहे, तीही येऊन पुढं बसली. चहा आणि पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, वाटून झाली. मास्तर मागच्या बाकावर, खिडकीशी बसले.

एडत्तीनं शेवटचं जुनं पान आधी वाचलं. "कोण आहे ते?" म्हटल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि प्रिंट हातात घेतल्या.  मग तिनं पुढची ओळ वाचली.

"'मीच,' तो म्हणाला. 'दिवा जरा वर धर, पाय ठेवायला दगड दिसत नाही.'"

खोलीत हशा उसळला. पुढं सगळंच असं साधंसुधं निघालं. तो परत आला होता, केस पिकले होते. त्यानं बारा वर्षं दर महिन्याला पत्र टाकलं होतं, पण पत्त्यात पोस्टाचं नाव चुकीचं घातल्यामुळे ती सगळी भलत्याच गावी पडून होती. दीड पान नुसतं पत्ता कसा लिहावा यावर होतं. शेवटी लेखक पोस्टमास्तर. मग लग्न. लग्नात पानावर काय काय वाढलं त्याची चार पानं. मग खरोखरच 'समाप्त'.

एडत्तीनं कागद खाली ठेवले आणि ज्यांनी तेव्हा त्याला मारून टाकलं होतं त्यांच्याकडे एकेक करून बघितलं.  

मग मास्तर उठले. त्यांनी पंचा खांद्यावर सारखा केला. म्हणाले, की मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट शिकवली, आणि एकदा नाही, दर वर्षी. कार्डावर पानं लिहिली तेव्हा कणा तपासायला हवा होता. ते चुकलं. त्यांचा आवाज एरवीसारखाच होता, पण हात बाकाच्या पाठीवर घट्ट होता.  

एडत्ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्तर, ही सोळा पानं तेव्हा असती ना, तर आम्ही ऐकली असती, डोळे पुसले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरलोही असतो. ती नव्हती म्हणून आमची एवढी भांडणं झाली. तुम्ही ती भांडणं मिटवली नाहीत, हे बरं केलंत."

"आणि जेवणाची चार पानं कुणी नाटकात बसवली असती?" नाटकातली माधवी म्हणाली.

मास्तर हसले. आधी नुसते ओठ, मग अंग हलेपर्यंत. खरं सांगू का, म्हणाले, माझा शेवट जास्त चांगला होता.

त्यावरून वाद सुरू झाला तो दिवे लागेपर्यंत चालला. मी मध्येच पंखे बंद केले, तरी कुणी उठलं नाही.

सोमवारी ती नोंद पुरी करायची होती. विद्यापीठाची नोंद आम्ही तशीच घेतली, पानं दोनशे आठ. खाली आपल्या प्रतीबद्दल लिहायला जागा असते. तिथं काय लिहायचं ते मास्तरांनी तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं: 'या प्रतीत पानं १९२ पर्यंत. १९३ ते २०८ वेगळ्या बांधणीत, मागितल्यास मिळतील.' मम्मदिक्कानं त्या सोळा पानांना हिरवं कापड लावून छोटं पुस्तक करून दिलं. नुसतं मोठं न्यायचं की दोन्ही, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. माझ्याकडे नोंद आहे. आतापर्यंत तेवीस जणांनी दोन्ही नेलीत, चौघांनी हिरवं नको म्हणून सांगितलं. त्या चौघांत मास्तरांची नातसून आहे.

विषूच्या, म्हणजे एप्रिलातल्या आमच्या नववर्षाच्या, आधी सगळी कपाटं झाली. आठ हजार चारशे नोंदींपैकी साडेपाच हजार डाउनलोड केलेल्या, बाकीच्या मी आणि मास्तरांनी मिळून केल्या, कारण ती पुस्तकं आमच्याशिवाय कुणाच्याच यादीत नव्हती. त्या नोंदी विद्यापीठानं आमच्याकडून मागून घेतल्या.

रविवारचं वाचन मात्र थांबलं नाही. पुढच्या रविवारी चार वाजता पाच-सहा जण सहज येऊन बसले आणि एडत्तीनं विचारलं, आज काय वाचू. आता तीस-पस्तीस माणसं येतात. चटया कमी पडतात म्हणून दूध सोसायटीनं दोन दिल्या.