कॅलेंडरबाई

सासूबाईंना सगळी वस्ती कॅलेंडरबाई म्हणायची. कुठल्या संताचा दिवस कधी, वेदीवर आज हिरवं कापड की जांभळं, हे फादरांच्याही आधी त्यांना ठाऊक. आयुष्यभर त्यांनी दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. त्याच बाईंच्या स्मरणशक्तीने असा दगा दिला, की ईस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात त्यांना नाताळ लागला.

राखेच्या बुधवारी सून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आली, तर सासूबाई म्हणाल्या, "कुठे तोंड काळं करून आलीस गं? धुऊन ये, बाळ येशूचा गोठा मांडायचाय."

"आई, नाताळ केव्हाच झाला. उपास सुरू झालेत."

"मला शिकवतेस?"

सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर ओल्या चादरी उपसून खांदे भरून यायचे. त्यात तिने उपवासकाळ म्हणून चहा सोडलेला. वायरमन नवरा म्हणायचा, "चहा तू सोडलास, प्रायश्चित्त आम्ही करतोय." एरवी ती हसली असती. हल्ली हसायलाही ताकद लागायची. संध्याकाळी रोझरी हातात घ्यायची आणि पहिल्याच मण्यावर डोळा लागायचा.

आणि घरी तोच प्रश्न, तेच उत्तर. बाळ कुठे ठेवलंस? आई, नाताळ झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

फादर सासूबाईंना कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला घरी आले, तेव्हा तिने गाऱ्हाणं मांडलं.

"रोज सांगते यांना, फादर. रोज."

"कशाला सांगतेस?"

"मग काय खोटं बोलू?"

फादर थकलेले होते, अजून दोन आजारी माणसं गाठायची होती. "मलाही ठाऊक नाही, बाई," म्हणाले आणि गुडघा धरत जिना उतरले. सुनेला वाटलं, काहीतरी चांगलं तरी बोलायचं होतं.

उत्तम शुक्रवारी, येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी, दुपारी तिने चर्चला जायचं, नवऱ्याने आईपाशी बसायचं, असं ठरलं होतं. ती साडी बदलून तयार झाली आणि नवऱ्याचा फोन वाजला. कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. तो अपराध्यासारखा बूट घालून गेला. सून दारातच उभी राहिली. वर्षभरात एवढी एकच दुपार तिला स्वतःसाठी हवी होती.

आत सासूबाईंनी कपाट उपसायला घेतलं. टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं जमिनीवर. "बाळ थंडीत पडलंय," म्हणून रडत होत्या.

"बाळ नाही आता!" सून ओरडली. "मोठं झालं ते, आई! आणि आज मारलं त्याला!"

सासूबाईंचे हात थांबले. जन्मभर मुलांना शिकवलेली गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मारलं? कुणी?" मग अगदी हळू आवाजात, "त्याच्या आईला कळवलं का गं?"

सून दरवर्षी या दिवशी चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाचं वाचन ऐकायची. कधी पाय दुखायचे, कधी घरचा स्वयंपाक आठवायचा. असं काळजात कधी घुसलं नव्हतं.

"कळलंय," ती म्हणाली. "ती तिथेच क्रुसापाशी उभी आहे."

मग तिने स्टूल ओढलं, कपाटावरचं खोकं उतरवलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं प्लास्टरचं बाळ सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पदराखाली घेतलं. दोघी त्या कपड्यांच्या पसाऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. नवरा परतला तेव्हा सून बसल्या जागी झोपली होती.

"जायला नाही मिळालं ना?" त्याने तिला हलवत विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

ईस्टरच्या सकाळी मात्र त्याने तिला हट्टाने चर्चमध्ये मिस्सेला पाठवलं. घंटा वाजल्या, फुलं होती, पांढरी वस्त्रं होती. प्रवचनात तिला दोनदा डुलकी लागली. आनंद असा काही उचंबळून आला नाही. अंग तेवढं थोडं हलकं वाटलं.

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"कुठे गेली होतीस?"

"मिस्सेला. ईस्टर आहे, आई."

"हो का? मग उपास सुटला तुझा. काही खाल्लंस?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने नकारार्थी मान हलवली.

"मग बस की. उभी काय राहिलीस?"

ती बसली. सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "कुठे गेली होतीस गं?"

"मिस्सेला, आई," सून म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.