बाहेरचा माणूस

आसेन बाच्वारोव आत आला तसा संचालक प्लामेन खुर्चीवरून उठला, आणि मुलाखत तिथेच संपली. उमेदवाराला पाहून मुलाखत घेणारा उठत नाही. पण आसेन म्हणजे प्लामेनच्या लग्नातला कूम, लग्न लावून द्यायला शेजारी उभा राहिलेला माणूस. कूम आला की सख्ख्या भावाच्या आधी त्याच्यासाठी उठायचं, ही सवय हाडात मुरलेली. उठला तो उठला, वर त्याला टेबलाच्या मुख्य जागी बसवून राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पहिला पेलाही त्याच्यापुढेच सरकवला.

रुमेना मान खाली घालून बसली होती. निवड समितीत प्लामेन, त्याच्या होला हो करणारा खजिनदार आणि ही नर्स. एकट्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन देखभाल करायची, हे संस्थेचं काम. ते नीट चालतं का हे तपासायला बाहेरचा माणूस नेमा, असं देणगीदारांनी बजावलं होतं. आसेनने आपलं इथे कुणाशी नातं नाही असं बेधडक लिहून दिलं होतं. रक्ताचं नव्हतंच म्हणा. असल्यांची लाजसुद्धा वकिलाला विचारून येते.

सकाळी मिल्का त्सोनेवा येऊन गेली होती. तिचे बूट चिखलाने भरलेले, कारण ती आधी गावं फिरून मग मुलाखतीला आली होती. नर्सची गाडी संचालकांच्या दारात का उभी असते, एवढंच तिने विचारलं. तेव्हापासून प्लामेनच्या लेखी ती उद्धट ठरली.

त्या गाडीवाचूनच रुमेनाचं अडलं होतं. वरच्या गावातल्या नेदेल्या आजीच्या पायाची जखम चिघळत चालली होती. पट्टी एक दिवसाआड बदलायला हवी आणि बस फक्त शुक्रवारी. डोळे उघडे असलेलं कुणी तपासायला आलं, तर गाडी परत मिळायची आशा होती.

आसेन गेल्यावर प्लामेन म्हणाला, "मग एकमताने ना? रुमेनाताई, तुमचा करार डिसेंबरात संपतोय, तेव्हा उगाच फाटे नकोत."

"माझं मत त्सोनेवाबाईंना."

"का म्हणून?"

"त्यांच्या बुटांना चिखल होता."

खजिनदार फिसकन हसला. दोघांनी आसेनला निवडलं.

पानं गळून गेल्यावर आसेन तपासणीला निघाला, तोही त्याच गाडीतून, मासळीवर आडवा हात मारून. रस्ताभर तो रुमेनाला म्हाताऱ्यांचं एकटेपण समजावून सांगत होता. पहिलं घर रुमेनाने ठरवलं होतं, नेदेल्या आजीचं. फाटकापाशी चिखल दिसला तसा हा शहाणा खाली उतरलाच नाही. काच खाली करून त्याने प्रश्नावली मांडीवर घेतली.

समोर दारावर काळ्या चौकटीतला कागद चिकटवलेला होता, त्यावर आजीचा फोटो. इकडे माणूस गेलं की दारावर तो लागतोच. आसेनने आयुष्यभर असे कागद पाहिले होते, पण तो वर बघेल तर ना.

"आजीबाई सेवेवर समाधानी आहेत?"

"आता त्यांची काही तक्रार नाही," रुमेना म्हणाली.

"छान," म्हणत त्याने बरोबरची खूण केली.

वाऱ्याने कागदाचा एक कोपरा सुटला होता. रुमेना चिखल तुडवत दारापर्यंत गेली आणि तो अंगठ्याने दाबून धरला. बोट काढलं की तो परत सुटायचा. मागे गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, पण तिने अंगठा काढला नाही.