वरच्या फाट्यातलं पाणी

मृदुलाला खटकला तो नकाशाचा गुळगुळीतपणा.

नामिबियातल्या एका धरणाच्या तळाचा तो नकाशा होता. गेल्या वर्षी तिच्याच कंपनीतला अभिराम तिकडे जाऊन, होडीतून खोली मोजत फिरून आला होता. आता करोनामुळे कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मृदुला त्याच नकाशावरून धरणात किती पाणी उरलंय ते काढत होती. तिकडचा पाऊस संपला होता. पुढचा येईपर्यंत गावाला रोज पाणी सोडायचं की आत्तापासूनच एक दिवसाआड, हे धरणावरच्या इंजिनिअर शिकोंगोबाई तिच्या आकड्यावरून ठरवणार होत्या. आकडा चुकला, तर पावसाआधीच गावाचे नळ कोरडे.

बुडालेल्या नदीचं जुनं पात्र धरणाच्या तळाशी खोबणीसारखं दिसत राहतं. या नकाशात ते मुख्य जलाशयात दिसत होतं आणि वरच्या फाट्याच्या, म्हणजे जलाशयाच्या वरच्या अरुंद शाखेच्या, तोंडाशी एकदम नाहीसं होत होतं. पुढे नुसता उतार, पट्टी ठेवून आखल्यासारखा.

तिने रॉटरडॅमला अभिरामला फोन लावला.

"अगं, गाळ आहे तो," अभिराम म्हणाला. "गाळाने पात्र बुजतं, हे मी तुला सांगायचं?"

"गाळ साचला तर तळ वर यायला हवा. तुझा तळ खोलच आहे."

"घरात बसून बसून संशयी झालीयेस तू. उद्या दुधातलं पाणी मोजशील!"

ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनात आलं, एरवी हा वाद घालताना आकडे तोंडावर फेकतो. आज विनोद का केला?

तिने उपग्रहाचं ताजं छायाचित्र उघडलं. धरणाची पातळी रोज कळत होतीच. त्या पातळीला, नकाशाप्रमाणे, वरच्या फाट्यात पुरुषभर पाणी हवं होतं. छायाचित्रात तिथे तपकिरी पट्टा होता. कोरडा ठणठणीत.

शनिवारी तिने अभिरामला बोलावून घेतलं. तळ्याकाठच्या रस्त्यावर दोघं दीड मीटर अंतर राखून चालत राहिले. तिने मोबाइलवर ते छायाचित्र धरलं. त्याला नीट दिसेना, पण जवळ यायला सांगितलं नाही तिने.

"होडीवाला आत यायला तयार नव्हता," शेवटी तो म्हणाला. "बुडालेली झाडं आहेत तिथे, होडीचा पंखा अडकला असता. धरणाआधीच्या जुन्या नकाशात तेवढ्या भागाचे दोन-चारच आकडे होते, ते जोडून सरळ उतार भरला. मार्चमध्ये परत जाऊन मोजणार होतो गं."

"अहवालात लिहिलं नाहीस."

"आता लिहू की. नवा गाळ आलाय म्हण. गावाला खरा आकडा मिळेल आणि माझी नोकरीही राहील. नोकरी गेली तर इथे राहायचा परवाना गेला. भारतात परतायला विमानंसुद्धा नाहीत."

"बाकीचा जलाशय मोजलायस?"

"हो."

"भिंतीजवळचा?"

"मृदुला, हो म्हटलं ना!"

त्याच्यावर विश्वास ठेवायची तिची फार इच्छा होती. मुख्य जलाशयात जुनं पात्र दिसतंय, म्हणजे तिथे तरी होडी फिरली असणार, असं ती इतके दिवस धरून चालली होती. पण मुख्य जलाशयातलं पात्र तर धरणाआधीच्या नकाशातही असणार. ते दिसण्याने आता काहीच सिद्ध होत नव्हतं.

"मी खरं ते सांगणार आहे," ती म्हणाली. "तुझ्या नावासकट."

अभिराम बसस्टॉपकडे वळला.

घरी येऊन तिने शिकोंगोबाईंना फोन लावला. अभिरामने वरचा फाटा मोजलेलाच नाही, बाकीच्या नकाशाची आपण खात्री देऊ शकत नाही, तेव्हा आजपासून पाणी एक दिवसाआड करा, असं तिने सांगितलं.

"मग धरणात पाणी आहे तरी किती?"

या प्रश्नाला तिने आजवर आकड्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं.

"मला माहीत नाही."



"हे कंपनी सांगतेय," शिकोंगोबाईंनी सावधपणे विचारलं, "की तुम्ही?"

"मी."

"मग मला ते लेखी द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याही नावासकट."