मोजपट्टीआडची मी

मित्रांनो, मी एक जुनी थायरॉइड ग्रंथी आहे. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी श्वासनलिकेला बिलगून बसते. माझी मालकीण कपडे शिवते. तिच्या गळ्यात बाहेरून मोजपट्टी असते, आतून मी.

ती आईच्या पोटात होती तेव्हाच मी कामाला लागले. अन्नातलं आयोडीन वेचायचं, त्यापासून संप्रेरक बनवायचं आणि रक्तात सोडायचं. हृदयाचा वेग, अंगातली ऊब, हाडांची वाढ, सगळ्याला माझा हातभार. तिचं मशीन भरधाव धावलं, कौतुक मात्र तिच्या हातांचं झालं. मला वाईट वाटलं नाही. तब्येत धड असली की ग्रंथी कुणाला आठवतात?

पुढे रोगांशी लढणारे शरीराचे पहारेकरी मलाच शत्रू समजून बसले. माझं काम मंदावलं. मेंदूखालची पिट्युटरी, माझी थोरली बहीण, निरोपावर निरोप धाडू लागली, ''अगं, हात चालव!'' त्या तगाद्याने मी सुजले. मालकिणीची कॉलर गळ्याला काचू लागली. दुसरी कुणी डॉक्टरकडे गेली असती. हिने बटण कडेला सरकवलं! कापड आटलं, म्हणाली. पुन्हा काचलं, पुन्हा सरकवलं.

ती भर दुपारी स्वेटर घालू लागली. आवाज घोगरा झाला. ''आई, गोगलगायसुद्धा तुला मागे टाकेल,'' लेक चिडवायची. एकदा मालकिणीने गिऱ्हाइकाचं महागाचं कापड उलटंच कापलं. खाली बसून म्हणाली, ''मशीन विकून टाकू या. माझ्याच्याने नाही होत आता.''

नणंद शेजारीच होती. तिचं लक्ष त्या बटणाकडे गेलं.

''वहिनी, जगाची मापं घेतेस, स्वतःचा गळा कधी मोजलास?'' तिने पट्टी ओढून तिच्या गळ्याभोवती धरली. ''कापड कसलं आटतंय! गळा सुजलाय तुझा. ऊठ, चप्पल घाल.''

रक्त तपासलं, तेव्हा कुठे माझं नाव निघालं. आता सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर एक गोळी. चहाला थांबावं लागतं, त्यावर ती रोज कुरकुरते. मला न जमणारं काम ती गोळी करते. हळूहळू ऊब परतली. परवा तिने मशीनला तेल घातलं.

मित्रांनो, घरातलं माणूस उगाच थकू लागलं, गारठू लागलं, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला तपासायला न्या. मी गळ्यात राहते खरी, पण मला हाक मारता येत नाही.